आरतीला व्हीलचेअर ढकलत नेली की झालं का?

पुण्या-मुंबईच्या आसपासच्या, नाशिक-कोल्हापूरकडच्या कुठल्याही वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक उघडा, "इथे जात-धर्म असा भेदभाव केला जात नाही" अशा अर्थाची ओळ बहुतेक ठिकाणी असतेच. चांगलंच आहे. मग एकदा संध्याकाळी सातला तिथे जाऊन बसा. हॉलच्या भिंतीला गणपती, शेजारी साईबाबा, स्पीकरवर आरती लागलेली आणि केअरटेकर मुली एकामागून एक व्हीलचेअर ढकलत आणतायत, कारण सगळे आजी-आजोबा एका जागी असले की वर खोल्यांमधल्या चादरी पटापट बदलून होतात. ज्यांना आरती हवी ते टाळ्या वाजवतात, ज्यांना नको ते पण तिथेच बसलेले असतात, कारण स्वतःहून उठून जाणं त्यांच्या हातात नसतं.

ह्याच्या बरोबर उलटेही आश्रम आहेत. तिथले ट्रस्टी अगदी मनापासून सेक्युलर असतात, समाजवादी चळवळीतले वगैरे, त्यांच्याकडे हॉलमध्ये एकही फोटो नाही, खोलीत देव मांडायचे नाहीत, उदबत्ती-निरांजन तर नाहीच (ऑक्सिजन सिलिंडर असतात, ते एक बरोबर आहे), आणि विचारलं तर उत्तर ठरलेलं, ज्याचं त्यानं मनातल्या मनात करावं, आम्ही कुणाला अडवत नाही. माझी नात्यातली एक मावशी अशाच एका ठिकाणी आहे. जेवण चांगलं, डॉक्टर वेळेवर येतात, मुली प्रेमळ आहेत. पण एकादशी कधी आहे हे तिला कुणी सांगत नाही आणि कॅलेंडरवरची बारीक अक्षरं तिला आता दिसत नाहीत. आयुष्यभर धरलेली एकादशी अशी आपोआप सुटली.

मला हे दोन्ही आश्रम सारखेच वाटतात, कारण दोन्हीकडे त्या माणसाला कुणी विचारलेलंच नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या संस्थेचा स्वतःचा काही धर्म नाही तिने तर प्रत्येक रहिवाशाला वेगळं विचारलं पाहिजे, तुमचं काय आहे, काय हवं, काय नको, आणि जे हवं ते मिळवून द्यायची जबाबदारी, म्हणजेच आध्यात्मिक काळजी, औषधाच्या वेळा पाळण्याइतकीच कामाची धरली पाहिजे. धार्मिक संस्थांना हा प्रश्न कमी पडतो. लिटल सिस्टर्स ऑफ द पुअरच्या नन्स अंधेरीत वृद्धाश्रम चालवतात, कुठल्याही धर्माच्या गरीब म्हाताऱ्यांना घेतात, पण तिथे चॅपेल कुणाचं आणि प्रार्थना कुठली हे दाराशीच कळतं, त्यामुळे त्यात नसलेल्याला काय हवं हेही कुणाच्या तरी लक्षात येऊ शकतं. सेक्युलर आश्रमात मात्र "आमच्याकडे सगळे सारखे" म्हटलं की विषय संपतो.

आता आध्यात्मिक काळजी म्हटलं की लोकांना वाटतं भटजी बोलवा, सत्यनारायण घाला. तेही असेल कुणासाठी. पण वृद्धाश्रमात जरा बसून ऐकलंत तर कानावर येतं ते वेगळंच असतं. मी कुणाचं काय वाईट केलं म्हणून हे दिवस आले. मुलगा न्यू जर्सीला, मग मला अग्नी कोण देणार. धाकट्या भावाशी वीस वर्षं बोललो नाही, तो आता गेला. नवरा गेल्यावर मला हळदीकुंकवाला कुणी बोलवलं नाही, देवाने तरी का नाही बघितलं. ह्या प्रश्नांवर झोपेची गोळी चालत नाही आणि भजनाची कॅसेटही चालत नाही, समोर कुणीतरी माणूस बसून ऐकणारा लागतो.

हॉस्पिसवाल्यांना, म्हणजे मरणाच्या दारातल्या माणसांची काळजी घेणाऱ्यांना, हे केव्हाच कळलं होतं. सिसिली साँडर्स ह्या बाई आधी नर्स, मग सोशल वर्कर, मग डॉक्टर झाल्या आणि त्यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस काढलं. मरणाऱ्या माणसाचं दुखणं शरीराचं, मनाचं, घरच्यांचं आणि श्रद्धेचं असं सगळं मिळून असतं, एक बाजू सोडली तर बाकीच्या बाजू पण नीट होत नाहीत, हे त्यांचं सांगणं. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली पॅलिएटिव्ह केअरची (गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या काळजीची) जी व्याख्या केली त्यात आध्यात्मिक त्रास शारीरिक त्रासाच्या शेजारीच आहे. आपल्याकडे वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ मध्ये सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस. म्हणजे ज्याचे शेवटचे काही आठवडे उरलेत त्याच्यासाठी आपण निदान विचार तरी केलाय. वृद्धाश्रमात माणूस आठ-आठ दहा-दहा वर्षं राहतो आणि त्या सगळ्या वर्षांसाठी काहीच नाही.

सरकारने काय विचार केलाय बघा. २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा आहे, त्याच्या कलम १९ मध्ये दर जिल्ह्यात निदान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम काढण्याची गोष्ट आहे, आणि तिथे कुठल्या सेवा द्यायच्या हे सांगताना दोनच गोष्टींचं नाव घेतलंय, वैद्यकीय काळजी आणि करमणुकीची साधनं. बास. औषध आणि टीव्ही. त्यामुळे भजन होतं ते पण अंताक्षरी आणि हाउजीच्या शेजारी, मंगळवार-गुरुवारच्या कार्यक्रमात बसवलेलं, आणि एखादी आजी भजनाला आली नाही तर मॅनेजर म्हणतात, मिसळत नाहीत हो त्या.

ट्रस्टींशी ह्यावर बोललं की पहिलं उत्तर येतं, धर्म ही खाजगी बाब आहे, ती घरी ठेवावी. अहो पण घरी म्हणजे कुठे? ऑफिस, शाळा, कोर्ट इथे हा नियम मला शंभर टक्के मान्य आहे, कारण तिथला माणूस संध्याकाळी घरी जातो आणि स्वतःच्या देवासमोर बसतो किंवा बसत नाही. वृद्धाश्रमातला माणूस संध्याकाळी कुठे जाणार आहे? जो नियम घरी परत जाणाऱ्यांसाठी केलाय तो घर सोडून आलेल्यांना लावला की त्याचा अर्थच उलटा होतो.

दुसरं उत्तर, राज्यघटना. कलम २७ आणि २८ ची नावं घेतली जातात. कलम २८ शाळा-कॉलेजातल्या धार्मिक शिक्षणाबद्दल आहे, वृद्धाश्रमाचा संबंध नाही. कलम २७ एका विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कर द्यायला भाग पाडू नये म्हणतं, आणि इथे प्रसार कोण करतोय? आपलं सैन्य बघा ना. त्याच्याइतकी सेक्युलर संस्था दाखवा मला, तिथे पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री, बौद्ध भिक्खू अशी धर्मगुरूंची रीतसर भरती होते, जेसीओचा (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसरचा) दर्जा असतो, पगार सरकारी तिजोरीतून, आणि युनिटमध्ये सर्वधर्मस्थळ असतं. कारण सरळ आहे, जवानाला घरापासून लांब, मरणाच्या जवळ ठेवलंय, तर त्याची ही सोय करणं सरकारचं काम. घरापासून लांब, मरणाच्या जवळ. वृद्धाश्रमाचं वर्णन ह्याहून वेगळं काय असतं?

तिसरी भीती पैशाची, इन्कम टॅक्सची. आमची ८०जी सवलत (देणगी देणाऱ्याला करात मिळते ती) जाईल म्हणतात. इतकी वर्षं ज्या तरतुदीखाली ही सवलत मिळत आली त्यात संस्था एकाच धर्मासाठी किंवा जातीसाठी नसावी अशी अट होती, आणि धार्मिक स्वरूपाचा खर्च उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत चालेल असंही तिथेच लिहिलेलं होतं. फादरना आणायला-सोडायला रिक्षा केली तर ५ टक्के होत नाहीत. सीएला विचारा हवं तर.

हे झालं कायद्याचं. मला खरं बोलायचंय ते त्या सातच्या आरतीबद्दल. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात जवळपास ८० टक्के हिंदू, म्हणजे पाचातला एक माणूस हिंदू नाही. साडेअकरा टक्के मुसलमान, पावणेसहा टक्क्यांच्या आसपास बौद्ध, मग जैन, ख्रिश्चन. आता बौद्धांचं घ्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची असलेली, आईबापांबरोबर पांढरी साडी नेसून गेलेली मुलगी आज पंच्याऐंशीच्या आसपास आहे. बावीस प्रतिज्ञा तिने त्या वयात म्हटल्यात, त्यात गौरी-गणपतीला देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, हे स्पष्ट आहे. ती तिच्यासाठी पुस्तकातली ओळ नाहीये, तिच्या आईने घरातले देव उचलून विसर्जन केले ते तिने डोळ्यांनी बघितलंय, गावाने त्यावरून काय काय ऐकवलं तेही. ती बाई आता व्हीलचेअरवर आहे आणि रोज सातला तिला गणपतीसमोर नेऊन ठेवतात आणि वर हातावर प्रसाद ठेवतात. कुणाच्या मनात वाईट काही नाही. केअरटेकर मुलगी तर तिला कौतुकाने सांगते, आजी नमस्कार करा. पण सत्तर वर्षांपूर्वी जे सोडलं, ज्याच्यासाठी एवढं सोसलं, ते आता पाय चालत नाहीत म्हणून परत गळ्यात येतं, ह्याला मी तरी प्रेमळपणा म्हणणार नाही. आणि ती बोलणारही नाही. कारण आश्रमात कटकटी म्हणून नाव पडलं की घंटी वाजवल्यावर कुणी किती वेळात येतं ते बदलतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत असतं. तिला काय हवंय? महिन्यातून एकदा पौर्णिमेला जवळच्या विहारातून कुणीतरी यावं, त्रिशरण-पंचशील म्हणावं, आणि सातला तिला खोलीतच राहू द्यावं. ह्याला खर्च शून्य आहे.

बऱ्याच गोष्टींना खर्च शून्यच आहे, म्हणून तर राग येतो. जैन आजोबांना सूर्यास्तानंतर खायचं नसतं आणि किचन साडेसातला ताटं लावतं, मग ते दूध-केळं खाऊन झोपतात आणि फाईलमध्ये "भूक कमी" लिहिलं जातं. डाएटिशियन येते, प्रोटीन पावडर सुरू होते. अरे त्यांना साडेपाचला वाढा. मुस्लिम आजोबांना गुडघे वाकत नाहीत, पण खुर्चीवर बसून, अगदी पडल्या पडल्या सुद्धा नमाज होते, पाणी लावणं शक्य नसेल तर तयम्मुम (पाण्याऐवजी स्वच्छ मातीने करायची शुद्धी) करता येतो, प्रश्न फक्त खुर्ची पश्चिमेला फिरवून देण्याचा आणि त्या दहा मिनिटांत बीपी मोजायला न जाण्याचा असतो. कॅथलिक आजीला फादर येऊन कम्युनियन देतील, फक्त चर्चला फोन करायला हवा आणि तो नंबर कुणाकडे तरी हवा.

डिमेन्शियाबद्दल थोडं जास्त बोलावं लागेल. ज्या आजीला स्वतःच्या मुलाचं नाव आठवत नाही तिच्या शेजारी बसून हरिपाठ सुरू करून दिला तर ती पुढचा अभंग स्वतः म्हणते, हे ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. लहानपणी चालीवर पाठ झालेलं फार उशिरापर्यंत टिकतं. पण मग कुणाचं काय पाठ आहे हे माहीत पाहिजे ना. वारकऱ्याच्या घरातलीला हरिपाठ, वसईच्या ख्रिस्ती आजीला मराठी रोझरी, कुणाला कलमा, आणि सेवादलात वाढलेल्या आजोबांना सेवादलाची समूहगीतं. सगळ्यांना एकच मंत्राची क्लिप लावून काय होणार? ही माहिती त्या माणसाकडून तो सांगू शकतोय तोवर घेऊन ठेवावी लागते. नंतर मुलांना विचारलं तर निम्म्या मुलांना माहीतच नसतं, आई देवाचं काहीतरी म्हणायची एवढंच सांगतात.

आणि नास्तिक? इथे आमचे पुरोगामी मित्र खूश होतात की ह्यांना तर काही लागतच नाही. असं कसं. आयुष्यभर अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम केलेले मास्तर, पंचाहत्तरीला मुलीने हौसेने सत्यनारायण घातला आणि ते बिचारे शाल पांघरून गप्प बसले, त्यांना पण मरणाबद्दल कुणाशी तरी बोलायचं असतंच, फक्त समोरच्याने मध्येच "देव बघतोय सगळं" म्हणू नये एवढी अपेक्षा असते. त्यांचा देहदानाचा फॉर्म भरलेला असतो आणि शेवटच्या दिवशी एखादा पुतण्या येऊन म्हणतो, आमच्यात असं नसतं. नातेवाईक अडून बसले तर मेडिकल कॉलेज कशाला भांडायला येतंय. तिथे संस्थेने आधीपासून घरच्यांना बसवून बोलणं करून ठेवलं असतं, तर ती पण मी आध्यात्मिक काळजीच म्हणेन. नेदरलँड्समध्ये निम्म्याहून जास्त लोक आपण कुठलाच धर्म मानत नाही असं सांगतात, आणि तरी त्यांच्या १९९६ च्या कायद्यात होतं की जिथे माणूस चोवीस तास किंवा त्याहून जास्त राहतो अशा प्रत्येक आरोग्यसंस्थेत त्याच्या धर्माला किंवा जीवनदृष्टीला जुळणारी अशी सेवा मिळाली पाहिजे. नंतर कायदा बदलला, ही अट राहिली. त्यामुळे तिथे पाद्री आहेत तसे मानवतावादी समुपदेशक पण आहेत, देव न मानणाऱ्यांसाठी, आणि त्याचं शिक्षण देणारं विद्यापीठ युट्रेख्टला आहे.

आता विरोधातला एक मुद्दा मला खरोखर वजनदार वाटतो. दार उघडलं की बुवा-बाबा आत येणार. म्हातारा माणूस, एकटा, घाबरलेला, नावावर फ्लॅट. अशा माणसाकडे कुणी नियमित येऊन गोड बोलायला लागलं की मृत्युपत्रात नाव कसं लागतं ह्याच्या गोष्टी प्रत्येक तालुक्यात आहेत. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण तो चमत्कार आणि अघोरी प्रकारांना लागतो, मधाळ बोलून देणगी काढणाऱ्याला लागेलच असं नाही. धर्मांतराची भीती पण लोक बोलून दाखवतात, आणि ती सगळ्या बाजूंनी असते. माझं उत्तर असं की आत्ता दार बंद आहे असं समजू नका, कुणाचे तरी महाराज, कुणाचा तरी सत्संग ग्रुप रविवारी येतोच, फळं वाटतो, फोटो काढतो, आणि जाताना पुस्तकं ठेवून जातो. नियम नसल्यामुळे तो येतोय. नियम करा की रहिवाशाने बोलावल्याशिवाय कुणी त्याच्या खोलीत जाणार नाही, पैसे, वस्तू, मृत्युपत्र ह्यातलं काही बोललं की कायमचं बंद, फोटो नाहीत, आणि कोण कधी कुणाकडे आलं हे गेटवरच्या रजिस्टरला लिहायचं. चोरून येणाऱ्यापेक्षा बोलावलेला परवडला.

करणार कोण, हा प्रश्न मात्र उरतोच. चाळीस माणसांच्या आश्रमाला पगारी समुपदेशक परवडणार नाही, केअरटेकर मुलींना बारा-बारा तास ड्युटी आणि त्यातल्या कित्येक जणी विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या, वीस-बावीसच्या, त्यांना आणखी एक काम लावू नका, असं कुणी म्हटलं तर मी मान डोलावेन. पण मरताना शेजारी बहुतेक वेळा तीच असते, रात्री तीनला. तुळशीपत्र कुणाच्या तोंडात ठेवायचं आणि कुणाच्या नाही, कुणाच्या शरीराला बाईनेच हात लावायचा, कुणाला लगेच दफनाची घाई असते, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं, ती घाबरते आणि मग जे तिच्या गावी करतात ते करते. तिला एक दिवस नीट बसून हे शिकवणं आणि फाईलच्या पहिल्या पानावर दोन ओळी लिहून ठेवणं, एवढं तर परवडेल? बाकी केरळमध्ये पॅलिएटिव्ह केअरचं जाळं शेजारपाजारच्या साध्या स्वयंसेवकांनी उभं केलं, १९९३ ला कालिकतहून त्याची सुरुवात झाली, ते सगळे काही डॉक्टर नव्हते. आपल्याकडे रिटायर्ड माणसं काय कमी आहेत, सकाळी टेकडीवर जाऊन राजकारणावर भांडणारी. ह्यातल्या दोघांनी आठवड्याचा एक तास दिला, आणि उपदेश न करता ऐकायचं कसं हे शिकून घेतलं (हा भाग अवघड आहे, आपल्याला उपदेशाशिवाय ऐकता येत नाही), तरी पुष्कळ.

कुटुंबांनाही सोडून देता येणार नाही. आश्रम बघायला गेल्यावर आपण बाथरूममधले हँडल बघतो, गीझर, लिफ्ट, डिपॉझिट परत किती मिळतं, नॉनव्हेज चालतं का, सगळं विचारतो. संध्याकाळी आरतीला नाही बसलं तर चालतं का, हे कुणीच विचारत नाही. ॲडमिशन फॉर्मवर "धर्म" असा एक रकाना असतो, आपण तो भरतो आणि तो पुढे फक्त मृत्यूच्या कागदपत्रांना उपयोगी पडतो. त्या रकान्याच्या जागी अर्धं पान द्या. रोज काय करता, काय सोडलंय, कुणाला बोलवायचं, कुणाला अजिबात नाही, शेवटी काय हवं. आणि वर्षातून एकदा परत विचारा, कारण माणसं ऐंशीनंतर पण बदलतात, कडक नास्तिक कीर्तनाला जाऊन बसतो आणि रोज दोन तास पूजा करणारी बाई एक दिवस म्हणते, पुरे झालं आता.

एवढं सगळं करूनही भांडणं होणारच आहेत, ते मी नाकारत नाही. दोन कॉटच्या खोलीत एकीला तो प्लगमध्ये लावायचा मंत्राचा बॉक्स चोवीस तास चालू हवा असतो, त्याच्याशिवाय तिला झोप येत नाही, आणि दुसरीला त्या आवाजाने वेड लागायची पाळी येते. हेडफोन कानाच्या मशीनवर बसत नाही. बहुतेक मॅनेजर अशा वेळी बॉक्सवालीच्या बाजूने कौल देतात कारण देवाचं नाव आहे, बंद कसं करायचं. माझ्या मते रात्री नऊनंतर बॉक्स बंद, आणि ते जमत नसेल तर खोली बदला, आणि बदलताना बॉक्सवालीला हलवा, शांतता मागणारीला नाही.